दिवाणखान्यातला ऐंशी इंची पडदा: एका स्वस्त स्मार्ट प्रोजेक्टरच्या मूल्यमापनाचे प्रकरण

साताऱ्यातील एका पाच माणसांच्या कुटुंबाचा बत्तीस इंची टीव्ही दिवाळीनंतर बिघडला. पडद्यावर उभ्या रेघा आल्या होत्या, आणि दुरुस्तीवाल्याने पॅनल बदलण्याचा जो खर्च सांगितला तो नव्या टीव्हीच्या किमतीच्या बराच जवळ जाणारा होता. त्यामुळे नव्या टीव्हीऐवजी अँड्रॉइड असलेला, वायफाय असलेला, स्वतःच सगळी अ‍ॅप्स चालवणारा एखादा प्रोजेक्टरच घ्यावा, असा विचार घरात पुढे आला. ऑनलाइन मागवलेला प्रोजेक्टर १३,९९० रुपयांना आला. तो परत करून पैसे मिळवण्याची मुदत संपण्यापूर्वी त्याची नीट तपासणी करून द्यावी, अशी विनंती त्यांनी मला केली. प्रोजेक्टर चांगला आहे की वाईट, एवढेच त्यांना विचारायचे नव्हते. ‘हा टीव्हीची जागा घेईल का?’ असा त्यांचा नेमका प्रश्न होता, आणि पुढचे सगळे मूल्यमापन याच प्रश्नाला धरून केले आहे. कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण याच किमतीच्या आणि याच जातीच्या बहुतेक यंत्रांना यातील बराचसा भाग लागू पडतो.

तपासणीला हात घालण्यापूर्वी घराचे वेळापत्रक आणि खोली या दोन गोष्टी टिपून घेतल्या. घरात आजी, नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा अशी माणसे आहेत. दुपारी एक ते चार या वेळात टीव्ही आजींचा असतो. त्या डिशवरच्या मालिका आणि बातम्या पाहतात. पाचच्या सुमारास मुले यूट्यूबवरचे धडे लावतात, आठनंतर सगळे एकत्र बसतात, आणि क्रिकेटचा सामना असला की शेजारची मंडळीही येतात. बैठकीची खोली दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब आहे. ज्या भिंतीवर चित्र पडायचे ती दहा फुटांची, फिकट बदामी रंगाची भिंत आहे. खिडकी पश्चिमेला असून तिला साधे सुती पडदे आहेत. छताच्या बरोबर मध्यावर पंखा आहे. शेवटच्या दोन गोष्टी किरकोळ वाटतात, पण या प्रकरणात निकालाचा मोठा भाग त्यांनीच ठरवला.

उजेडाचा हिशेब

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१८,००० ल्युमेन’ असे छापले होते आणि मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, ‘३०० आन्सी ल्युमेन’ असे होते. ल्युमेन हे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक आहे. या दोन आकड्यांपैकी पहिल्याला काहीही अर्थ नाही. खरोखर अठरा हजार ल्युमेन देणारे प्रोजेक्टर मोठ्या सभागृहांत लागतात, त्यांच्या किमती लाखांत असतात आणि ते उचलायला दोन माणसे लागतात. दुसरा आकडा मात्र तपासता येतो, कारण आन्सी या अमेरिकी मानक संस्थेने त्याच्या मोजणीची रीत १९९२ साली ठरवून दिली आहे. पूर्ण पांढरे चित्र भिंतीवर टाकायचे, त्याचे तीन बाय तीन असे नऊ समान भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर पडणारा प्रकाश लक्समध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ल्युमेन या हिशेबाने, मोजायचा, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने गुणायचे. याला हातात धरायचे साधे लक्समीटर पुरते आणि हे कोणालाही घरी करता येते.

प्रोजेक्टर अर्धा तास तापू दिला, सगळे दिवे बंद केले, सर्वांत उजळ मोड लावला, कीस्टोन (तिरके पडलेले चित्र चौकोनी करून देणारी सोय) बंद ठेवले आणि ऐंशी इंची चित्र घेतले. त्याची रुंदी १७७ सेंटिमीटर, उंची शंभराला किंचित कमी आणि क्षेत्रफळ १.७६ चौरस मीटर भरते. मध्यबिंदूवर १६४ लक्स मिळाले. वर-खालच्या मध्यांवर १३८ आणि १४२, डाव्या-उजव्या कडांच्या मध्यांवर १२६ आणि १२२, आणि चार कोपऱ्यांवर १०८ ते ११८ असे आकडे आले. सरासरी सुमारे १२७ लक्स झाली, म्हणजे एकूण प्रकाश साधारण २२३ ल्युमेन. मीटरची चूक दहा टक्के धरली तरी आकडा अडीचशेपर्यंतही पोहोचत नाही. म्हणजे बारीक अक्षरांतला, त्यातल्या त्यात प्रामाणिक दावाही पूर्ण उतरत नव्हता. कोपरे मध्याच्या दोन-तृतीयांश इतकेच उजळ होते. एकाच एलसीडी पॅनलच्या आणि एकाच एलईडीच्या स्वस्त रचनेत हे नेहमी दिसते. चित्रपट पाहताना ते फारसे जाणवत नाही, पण क्रिकेटचे हिरवे मैदान पडद्यावर आले की कडा काळवंडलेल्या दिसतात.

तरीही २२३ ल्युमेन म्हणजे टाकाऊ, असे मी म्हणणार नाही. हा प्रकाश किती क्षेत्रावर पसरतो यावर सगळे ठरते. पीठ तेवढेच राहिले आणि पोळी मोठी लाटली की ती पातळ होणारच. ऐंशी इंचांवर, पडदा चांगला पांढरा असल्यास, पांढऱ्या भागाची तेजस्विता साधारण ४० निट (पडद्याचे तेज मोजण्याचे एकक) येते. डिजिटल चित्रपटगृहांसाठी ठरलेले प्रमाण ४८ निटचे आहे. म्हणजे पूर्ण अंधारात, ऐंशी इंचांपुरते, हे यंत्र चित्रपटगृहाच्या जवळपास जाते आणि तेवढ्यापुरते ते खरोखर सुंदर चित्र देते. शंभर इंचांवर हाच आकडा २६ निटपर्यंत उतरतो आणि एकशेवीस इंचांवर १८ पर्यंत. खोक्यावर जाहिरात केलेल्या दोनशे इंचांवर तो साडेसहाच्याही खाली जातो. तेव्हा चित्र दिसते एवढेच म्हणता येईल.

अंधार नसेल तर काय होते, हा या घरापुरता खरा प्रश्न होता. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. भिंतीवर आधीच जो उजेड आहे तोच त्याचा काळा. दुपारी दोन वाजता, पडदे ओढलेले असताना, भिंतीवर ४५ लक्स उजेड होता. त्यात प्रोजेक्टरचे १२७ मिळवले की पांढऱ्याचे काळ्याशी प्रमाण चारास एक इतकेही राहत नाही. रात्री ट्यूबलाइट लावली तर भिंतीवर ९० लक्स होतात आणि प्रमाण अडीचास एकच्या आत येते. अशा चित्रात चेहरे ओळखू येतात, पण काळे केस आणि गडद साडी एकमेकांत मिसळतात, आणि रात्रीचा प्रसंग असेल तर राखाडी धुके तेवढे दिसते. याउलट सगळे दिवे बंद केले की तेच प्रमाण तीनशेच्या आसपास जाते. झोपण्याच्या खोलीतला झिरोचा दिवा लावून दार उघडे ठेवले, तेव्हा भिंतीवर फक्त तीन लक्स आले, तरी प्रमाण चाळीसच्या खाली घसरले. एवढ्याशा उजेडाचा एवढा परिणाम होतो, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. साधारण टीव्हीचे पॅनल अडीचशे निटच्या आसपास तेज देते आणि बंद असताना स्वतः काळे असते. म्हणून दुपारच्या उजेडात त्याची आणि प्रोजेक्टरची तुलनाच होऊ शकत नाही.

जाड, प्रकाशरोधक पडदे लावण्याचा पर्याय अर्थातच निघाला. तसे पडदे तात्पुरते टांगून पाहिले तेव्हा दुपारचा उजेड सहा लक्सपर्यंत आला आणि प्रमाण एकवीसच्या आसपास गेले. चित्र पाहण्याजोगे झाले. पण आजी मालिका पाहता पाहता तांदूळ निवडतात, भाजी मोडतात, मध्येच उठून दाराशी जातात. पंच्याहत्तरीच्या माणसाने रोज तीन तास अंधाऱ्या खोलीत बसावे आणि अंधारातच उठावे, ही सूचना मला योग्य वाटली नाही आणि घरातल्या कोणालाच वाटली नाही. टीव्हीची जागा घेण्याचा प्रश्न खरे तर येथेच निकाली निघाला. तरी यंत्र ठेवायचे की परत करायचे, हे अजून ठरायचे होते. म्हणून तपासणी पुढे चालू ठेवली.

ठेवायचा कुठे

या प्रोजेक्टरचे थ्रो-प्रमाण सव्वाच्या जवळ आहे, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या सव्वापट अंतरावर तो ठेवावा लागतो. ऐंशी इंचांसाठी हे अंतर २.२ मीटर येते. खोलीची लांबी ४.२७ मीटर असल्यामुळे प्रोजेक्टर जवळजवळ खोलीच्या मध्यावर येतो. छताला टांगायचे म्हटले तर तिथे पंखा आहे. पंख्याच्या खाली टांगला तर डोक्याला लागेल आणि मागे टांगला तर पात्यांच्या सावल्या चित्रात फिरतील. मागच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवला तर चित्र १४० इंचांच्या घरात जाते. या यंत्राला भिंगाचा खरा झूम नाही. जे आहे ते डिजिटल झूम, आणि ते पॅनलचा कडेचा भाग काळा ठेवून चित्र लहान करते. फळीवरून ऐंशी इंची चित्र करून पाहिले तेव्हा १९२० बाय १०८० बिंदूंपैकी (पिक्सेलपैकी) सुमारे १०९० बाय ६१३ बिंदूच कामाला येत होते, आणि प्रकाशही त्याच हिशेबाने एक-तृतीयांशावर, म्हणजे सत्तर ल्युमेनच्या आसपास आला. पैसे पूर्ण फुल एचडीचे मोजले आणि चित्र मात्र त्याहून कितीतरी कमी दर्जाचे पाहिले, असे अनेक घरांत नकळत घडत असणार, कारण मेनूमध्ये हा झूम ‘चित्राचा आकार’ अशा निरुपद्रवी नावाने दिलेला असतो.

आता राहिला टीपॉय. पण या प्रोजेक्टरचे भिंग चित्राच्या मध्याशी समपातळीत असावे लागते. चित्र आपोआप वर फेकण्याची सोय त्यात नाही. दीड फुटाच्या टीपॉयवर ठेवून चित्राचा मध्य चार फुटांवर न्यायचा तर यंत्र एकोणीस अंश वर तोंड करून ठेवावे लागते आणि मग वर रुंद, खाली अरुंद असे चित्र पडते. ऑटो कीस्टोन ते क्षणात चौकोनी करून देते आणि पाहणाऱ्याला ती जादू वाटते. प्रत्यक्षात ते बिंदू वगळूनच चौकोन साधत असते. म्हणून चित्रच खाली घेतले, त्याची खालची कड जमिनीपासून दीड फुटांवर ठेवली आणि टीपॉयऐवजी दोन फुटांचे स्टूल घेतले. त्यामुळे कल नऊ अंशांच्या आत आला आणि कीस्टोनचे काम निम्म्याहून कमी झाले. खाली गादीवर बसणाऱ्यांना हे चित्र जास्त सोयीचे पडले. स्वयंपाकघरातून येणारे माणूस झोतातून जाते हा दोष मात्र राहिला, आणि या खोलीत तो राहणारच.

अक्षरे वाचता येतात का

फुल एचडीचा दावा खरा निघाला. एक बिंदू काळा, एक पांढरा अशी बुद्धिबळपटासारखी चाचणी-प्रतिमा यूएसबीवरून लावली, कीस्टोन आणि झूम दोन्ही बंद ठेवले, आणि भिंतीजवळ जाऊन पाहिले तर मध्यभागी प्रत्येक घर वेगळे दिसत होते. पॅनल कमी बिंदूंचे असते तर तिथे राखाडी पट्टे किंवा लाटा दिसल्या असत्या. ‘फोर-के सपोर्ट’ याचा अर्थ मात्र इतकाच, की फोर-के चित्र यंत्र आत घेते आणि लहान करून दाखवते.

पॅनल खरे असले तरी भिंग स्वस्त आहे. मध्य स्पष्ट केला की कोपरे मऊ होतात, आणि कोपरे जुळवले की मध्य बिघडतो. इंग्रजी उपशीर्षके मोठ्या अक्षरांत असल्याने ती वाचायला अडचण येत नाही. मराठी बातम्यांच्या वाहिनीवर खालून सरकणाऱ्या पट्टीची गोष्ट वेगळी आहे. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि मात्रा या शिरोरेषेच्या वरच्या चिमुकल्या खुणा आहेत, आणि कडेच्या मऊपणात सर्वांत आधी त्याच पुसट होतात. उजव्या खालच्या कोपऱ्यातून आत येणारा शब्द पहिला काही क्षण वाचता येत नव्हता, मध्यावर आला की स्पष्ट होत होता. मराठी प्रेक्षकाने प्रोजेक्टर पाहताना चित्रपटाचा झगझगीत नमुना न पाहता बातम्यांची पट्टी लावून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदार ती कधी लावून दाखवत नाही.

तापल्यावर फोकस थोडा सरकतो, हेही दिसले. चालू केल्यावर लगेच जुळवलेले चित्र अर्ध्या तासाने किंचित धूसर होते आणि ऑटोफोकसचे बटण पुन्हा दाबावे लागते. बदामी भिंतीमुळे पांढरा रंग पिवळसर दिसत होता. वॉर्म मोडऐवजी नॉर्मल मोड ठेवल्यावर तो बराचसा सुधारला. वेगळा पडदा लगेच घेण्याची गरज वाटली नाही. भिंतीवरची पुट्टी सपाट आहे, आणि या किमतीच्या यंत्रासाठी तेवढे पुरेसे आहे.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगायचे तर आतला स्पीकर मुलांच्या धड्यांना पुरतो, चित्रपटाला पुरत नाही. शांत संवादांच्या वेळी यंत्राच्या पंख्याची घरघर त्याच्यावर चढते. ब्लूटूथ स्पीकर जोडला तेव्हा ओठ आणि शब्द यांत अंतर पडले. घरातला जुना होम थिएटर साध्या ३.५ मिलिमीटरच्या तारेने जोडल्यावर ते अंतर गेले.

‘स्मार्ट’ या शब्दामागे काय आहे

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण प्रोजेक्टर निवडताना कुटुंबाला सर्वांत जास्त मोह याच गोष्टीचा पडला होता. यंत्रात अँड्रॉइड होते, प्ले स्टोअर होते, आणि मुख्य पडद्यावर ओळखीच्या सगळ्या अ‍ॅप्सची चित्रे मांडलेली होती. पण अँड्रॉइड दोन तऱ्हांनी येते. एक, गूगलने तपासून मान्यता दिलेले, टीव्हीसाठी बनवलेले. आणि दुसरे, अँड्रॉइडचा मुक्तपणे उपलब्ध असलेला गाभा घेऊन कोणीही स्वतः बसवलेले. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये गूगलची मान्यता दाखवणाऱ्या ‘प्ले प्रोटेक्ट प्रमाणन’ या नोंदीत हे यंत्र प्रमाणित नसल्याचे स्पष्ट लिहिले होते. ही नोंद पाहायला एक मिनिटही लागत नाही आणि स्वस्त स्मार्ट यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने ती पहिल्या दिवशी पाहावी.

तिचा पहिला परिणाम चित्राच्या दर्जावर होतो. नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या प्रवाह-सेवा आपले चित्रपट वाइडव्हाइन नावाच्या कुलपात पाठवतात. ज्या यंत्रात हे कुलूप हार्डवेअरमधील सुरक्षित कप्प्यात उघडते, त्याला एल-वन दर्जा असतो. ज्यात ते केवळ सॉफ्टवेअरने उघडते, त्याला एल-थ्री. एल-थ्री यंत्राला बहुतेक सेवा ४८० ओळींचेच चित्र देतात. कुलपाचा दर्जा दाखवणारे एक मोफत अ‍ॅप टाकून पाहिले तर तिथे एल-थ्री असेच आले. म्हणजे पॅनल १०८० ओळींचे, वर्गणी फुल एचडीची, आणि भिंतीवर येणारे चित्र जुन्या डीव्हीडीइतके. ऐंशी इंचांवर हा फरक लपत नाही. नेटफ्लिक्सचे मूळ टीव्ही-अ‍ॅप त्यात बसतच नव्हते. आधीपासून टाकलेली आवृत्ती मोबाइलची होती आणि रिमोटने पडद्यावर बाण सरकवत ती चालवावी लागत होती. यूट्यूब मात्र अशा कुलपाशिवाय नेहमीचे व्हिडिओ देत असल्यामुळे फुल एचडीत आणि व्यवस्थित चालले.

दुसरा परिणाम घराच्या सुरक्षिततेवर होतो. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. कारखान्यातूनच किंवा पहिल्या जोडणीच्या वेळी घुसखोर प्रोग्रॅम बसलेली लाखो घरगुती उपकरणे मालकाच्या नकळत गुन्हेगारांच्या कामाला जुंपली जात होती. त्या इशाऱ्यात टीव्ही बॉक्ससोबत डिजिटल प्रोजेक्टरांचाही उल्लेख होता, आणि प्ले प्रोटेक्टचे प्रमाणन नसणे हे सावध होण्याचे एक लक्षण म्हणून सांगितले होते. या घरातल्या यंत्रात तसे काही होते, असा दावा मी करत नाही. ते खात्रीने तपासण्याची साधने घरात नसतात. पण ज्या वायफायवर घरातल्या माणसांचे बँकेचे व्यवहार चालतात त्याच वायफायवर अप्रमाणित यंत्र कायमचे जोडून ठेवणे मला अजिबात मान्य नाही, आणि हे मी कुटुंबाला स्पष्ट शब्दांत सांगितले.

याला उपाय घरातच होता. बिघडलेल्या जुन्या टीव्हीला एक प्रमाणित स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे अ‍ॅप्स चालवणारे बोटभर उपकरण, लावलेली होती आणि ती ड्रॉवरमध्ये तशीच पडून होती. ती प्रोजेक्टरच्या एचडीएमआय जोडणीत बसवली. प्रोजेक्टरच्या यूएसबीवरून तिला वीज पुरेना, ती सारखी बंद पडून सुरू होत होती. तिचा स्वतःचा अडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डावर लावल्यावर ते थांबले. मग तोच चित्रपट, त्याच वर्गणीवर, फुल एचडीत आला आणि मुलीने आधीच्या चित्राशी तुलना केल्यावर मला काही सांगण्याची गरज उरली नाही. प्रोजेक्टर फॅक्टरी रिसेट केला, त्याला वायफायचा पासवर्ड पुन्हा दिला नाही, आणि चालू होताच थेट एचडीएमआयवर जाईल असे सेटिंग करून ठेवले. अशा रीतीने ज्या ‘स्मार्ट’ सोयीसाठी हे यंत्र निवडले होते तीच बंद करून ते अधिक उपयोगी झाले. प्रोजेक्टर आणि त्यातला संगणक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांचे गुणदोष वेगळे आहेत आणि त्यांची किंमतही मनात वेगवेगळी लावावी, असे मी त्यांना सुचवले. तसे केले असते तर याच पैशांत ‘स्मार्ट’ नसलेला, पण अधिक उजळ प्रोजेक्टर शोधता आला असता.

पैसे आणि निर्णय

२२ सप्टेंबर २०२५पासून प्रोजेक्टर आणि मोठे टीव्ही या दोन्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला असल्यामुळे करापोटी कोणालाच झुकते माप मिळत नाही. साताऱ्यातल्या दुकानात त्रेचाळीस इंची प्रमाणित स्मार्ट टीव्ही २२ हजारांच्या आसपास मिळत होता. प्रोजेक्टर, स्टूल आणि जाड पडदे यांचा खर्च एकत्र केला तर तो अठरा हजारांच्या पुढे जात होता, आणि तरीही आजींची दुपार अंधारातच जाणार होती. चित्राचे क्षेत्र प्रोजेक्टरचे साडेतीनपट, तेज टीव्हीचे सहापट, असा हा सरळ व्यवहार होता. विजेचा फरक मात्र निर्णयात धरण्याइतका नव्हता. मीटरवर प्रोजेक्टर ८५ वॅट खात होता, म्हणजे रोज चार तास चालवला तरी एका युनिटचा तिसरा हिस्सा.

माझा सल्ला यंत्र परत करून त्रेचाळीस इंची टीव्ही घ्यावा असा होता. उजेडाचा छापील दावा पूर्ण न उतरणे आणि सॉफ्टवेअर अप्रमाणित असणे ही दोन कारणे मला पुरेशी वाटत होती. कुटुंबाने वेगळे ठरवले. त्यांनी प्रोजेक्टर ठेवला, जाड पडद्यांचा विचार सोडला, आणि आजींसाठी त्यांच्या डिशला जोडायला चोवीस इंची साधा टीव्ही आणला, जो आठ हजारांच्या आत मिळाला. घरात क्रिकेट एकत्र पाहण्याला फार महत्त्व आहे. शेजारची माणसे जमतात तेव्हा त्रेचाळीस इंचांभोवती दाटी होते आणि ऐंशी इंचांसमोर होत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. रात्रीच्या सामन्यांपुरते पाहिले तर अंधाराची अटही आपोआप पुरी होते. एकच यंत्र सगळ्यांना पुरेल ही अपेक्षा सोडून दोन लहान यंत्रांवर काम विभागणे हा त्या घरासाठी समजूतदार निर्णय होता, असे मला तपासणीनंतर मान्य करावे लागले. माझा आक्षेप फक्त त्या विशिष्ट यंत्रापुरता राहिला.

उजेडाच्या दाव्याबद्दल मात्र गप्प बसू नये, असे आम्ही ठरवले. नऊ जागांचे आकडे, मोजणीची पद्धत आणि खोक्यावरच्या मजकुराची छायाचित्रे विक्रेत्याला लेखी पाठवली. ‘१८,००० ल्युमेन’ ही जाहिरात ग्राहकाची दिशाभूल करते आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची दखल घेतो, याचा त्या पत्रात उल्लेख केला. विक्रेत्याने समाधानकारक उत्तर दिले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, हेही ठरले आहे. पैशांपेक्षा तो मोठा आकडा खोक्यावरून जावा, ही त्यामागची इच्छा आहे.

राहिला टिकण्याचा प्रश्न. एलईडी ३०,००० तास चालेल असे छापले आहे, आणि रोज चार तासांनी ती वीस वर्षे होतात. परंतु अशा यंत्रात एलईडीच्या आधी दोन गोष्टी दगा देतात. प्रकाशमार्ग पूर्ण बंदिस्त नसेल तर आत धूळ जाऊन चित्रावर धूसर ठिपके येतात, आणि उष्णतेने पोलरायझरची (एलसीडीजवळ प्रकाश गाळणारी) पातळ फिल्म करपली की चित्राच्या मध्यावर पिवळा डाग पसरतो. म्हणून हवा आत घेणारी जाळी दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने पुसायची, मागे आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवायची, आणि बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत मुख्य स्विच पाडायचा नाही, असे ठरवून दिले आहे. वॉरंटी एक वर्षाची आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे अशी दोन चित्रे भिंतीवर टाकून मोबाइलने त्यांची छायाचित्रे घ्यायची आणि तारखेसह जपून ठेवायची जबाबदारी मुलीने घेतली आहे. ठिपका किंवा डाग दिसू लागला तर तो कोणत्या महिन्यापासून आहे, हे त्यावरून विक्रेत्याला दाखवता येईल.